एकोणीस वर्षांचा स्ट्रायकर: गोल मोजण्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अकॅडमीतून वर आलेला आपला एकोणीस वर्षांचा स्ट्रायकर यंदा बहुतेक वेळा शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांसाठी उतरला, गोल बोटांवर मोजण्याइतके झाले, आणि गेल्या सामन्यात सहा यार्डांवरून त्याने चेंडू बारवरून मारला. निम्मे चाहते म्हणतात विकून टाका, निम्मे म्हणतात पुढच्या हंगामात मुख्य स्ट्रायकरची, म्हणजे नऊ नंबरची जर्सी त्यालाच द्या. मग मानायचं काय?

माझं मत आधीच सांगतो. विकू नये. पुढच्या हंगामाचा सगळा भारही त्याच्या एकट्यावर टाकू नये. हे मत मी त्याच्या गोलांवरून बनवलेलं नाही. या वयात आणि इतक्या थोड्या मिनिटांत गोलांचा आकडा हा सगळ्यात कमी भरवशाचा पुरावा असतो. पोरगा संधीपर्यंत किती वेळा पोचतो आणि कसा पोचतो, ते बघायचं.

गेल्या सामन्यातला तो हुकलेला गोलच घ्या. सगळ्यांच्या लक्षात राहिला तो शेवटचा सेकंद. पण ती क्लिप जरा मागून सुरू करून बघा. चेंडू उजव्या विंगवर, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेला होता. विंगरने मान वर करताच आपल्या पोराने नियर पोस्टकडे (गोलच्या जवळच्या खांबाकडे) दोन झपाझप पावलं टाकली. त्याच्यावर लक्ष ठेवून असलेला सेंटर बॅक (मधला डिफेंडर) तिकडे वळला. तो वळतोय तोवर पोरगा थबकला, मागे सरकला आणि बरोबर त्या सेंटर बॅकच्या पाठीमागे, त्याला दिसणारच नाही अशा जागी जाऊन उभा राहिला. क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर येणारा चेंडू, निघण्याआधी त्याने दोनदा खांद्यावरून मागे बघून घेतलं होतं. चेंडू थोडा उसळून आला, ज्या पायावर भार होता तो चेंडूच्या फार मागे पडला, अंग मागे झुकलं आणि शॉट वर गेला.

यातली शेवटची चूक तांत्रिक आहे, रोजच्या सरावात सुधारण्यासारखी. त्याआधी जे झालं ते मात्र मोलाचं आहे. डिफेंडरला एकीकडे ओढायचं आणि दुसरीकडे निसटायचं, तेही विंगरची मान वर होण्याच्या नेमक्या वेळी, हे सीनियर फुटबॉलमध्ये कित्येक पंचविशीतल्या स्ट्रायकरांनाही जमत नाही. जो मुळात त्या जागी पोचतच नाही, त्याच्या नावावर हुकलेली संधीही लागत नाही. गोल हुकवण्याबद्दल शिव्या खाणारा पोरगा आणि नव्वद मिनिटं कुठेच न दिसणारा पोरगा यांत मी डोळे मिटून पहिला निवडेन.

आता आकड्यांकडे येऊ, कारण दोन्ही बाजूंचे लोक तेच तोंडावर फेकतात. व्यावसायिक फुटबॉलमध्ये ढोबळमानाने दहा शॉटपैकी एक गोल होतो. प्रत्येक शॉट कुठून, कशा स्थितीत मारला यावरून तो गोल होण्याची शक्यता काढतात, तिला एक्सपेक्टेड गोल किंवा एक्सजी म्हणतात. पेनल्टीची ही किंमत पाऊण गोलाच्या थोडी वर धरतात, तर बॉक्सबाहेरून मारलेल्या बहुतेक शॉटची पाच टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी. समजा एका पोराने हंगामात ३० शॉट मारले आणि प्रत्येकाची शक्यता सरासरी दहा टक्के होती. अपेक्षित गोल तीन. पण अगदी सारख्याच कुवतीच्या शंभर पोरांना हेच ३० शॉट दिले, तर गणिताने त्यांतल्या अठरा-एकोणीस जणांच्या नावावर एक गोल लागेल किंवा एकही लागणार नाही, आणि साधारण तेवढ्याच जणांच्या नावावर पाच किंवा त्याहून जास्त. पहिल्यांना आपण 'याला फिनिशिंग जमत नाही' म्हणणार, दुसऱ्यांना 'जन्मजात गोल मारणारा'. फरक निव्वळ नशिबाचा. आपल्या पोराचे शॉट तर ३० देखील नसतील. म्हणून एवढ्यावरून त्याच्या फिनिशिंगबद्दल कोणी छातीठोकपणे बोलत असेल, तर त्याने चांगलं बोललं काय आणि वाईट बोललं काय, फारसं मनावर घेऊ नका.

हेच उलट्या बाजूने. बदली म्हणून उतरणाऱ्या स्ट्रायकरचे 'दर नव्वद मिनिटांमागे गोल' हा आकडा जवळपास नेहमीच फुगलेला असतो. समोरचे डिफेंडर दमलेले असतात, सामना उघडा पडलेला असतो, मागे मोकळी जागा असते. त्याच पोराला पहिल्या मिनिटापासून ताज्या दमाच्या सेंटर बॅकसमोर उभं केलं की आकडा खाली येतो. पेनल्टीचे गोल तर या हिशेबातून आधी बाजूला काढा.

थोड्या मिनिटांवरून घाई केली की काय होतं याचं उदाहरण बहुतेकांना माहीत असेल. ५ एप्रिल २००९, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध अ‍ॅस्टन व्हिला. सतरा वर्षांचा फेदेरिको माकेदा बदली म्हणून पहिल्यांदाच उतरला आणि इंज्युरी टाइममध्ये वळून मारलेल्या अप्रतिम शॉटवर त्याने सामना ३-२ असा जिंकून दिला. लीगच्या पुढच्याच सामन्यात संडरलँडविरुद्ध पुन्हा उतरला आणि पुन्हा विजयी गोल. त्या आठवड्यात त्याच्याबद्दल काय काय बोललं गेलं नसेल! युनायटेडसाठी लीगमध्ये त्याचे एकूण गोल झाले चार. व्हिलाविरुद्धचा गोल खरा होता, तो वळण्याचा क्षण आजही बघावासा वाटतो. पण एका क्षणावरून खेळाडूची पुढची दहा वर्षं कळत नाहीत.

आता दुसरी बाजू. रॉबर्ट लेवांडोव्स्कीला लेगिया वॉर्सा क्लबने लहान वयात सोडून दिलं, तिथून तो पोलंडच्या तिसऱ्या श्रेणीत खेळला. २०१०मध्ये डॉर्टमुंडला आला तेव्हा पहिल्या हंगामात बुंडेसलीगात त्याचे गोल आठ. लुकास बारिओस पहिला स्ट्रायकर होता आणि हा कधी बेंचवरून, कधी त्याच्या मागे खेळत होता. पुढच्या हंगामात गोल २२. थिएरी ऑन्री १९९९मध्ये आर्सेनलला आला तेव्हा युव्हेंटसमध्ये विंगवर खेळलेला एकवीस वर्षांचा पोरगा होता, आणि सुरुवातीचे कित्येक सामने त्याला गोलच मिळाला नाही. पहिला गोल सप्टेंबरमध्ये साउदम्प्टनविरुद्ध, हंगाम संपला तेव्हा सगळ्या स्पर्धा मिळून २६. या दोघांकडे त्या कोरड्या काळातही एक गोष्ट होती: ते सतत धोक्याच्या जागी पोचत होते आणि दोन्ही प्रशिक्षकांना ते दिसत होतं. डॉर्टमुंडचे क्लॉप आणि आर्सेनलचे वेंगर यांनी त्यांना खेळवत ठेवलं, ते काही दयेपोटी नाही.

पण माकेदाचं झालं तसं आपल्या पोराचं होणार नाही आणि लेवांडोव्स्कीचं झालं तसंच होईल, असं मी म्हणत नाहीये. बहुतेक पोरं या दोन टोकांच्या मध्येच कुठेतरी स्थिरावतात. म्हणून तर त्याच्या खेळाकडे बारकाईने बघायला हवं.

त्याचं चांगलं काय ते वर सांगितलं. पुढून प्रेस करताना, म्हणजे चेंडू त्यांच्याकडे असताना दबाव टाकतानाही तो डोकं वापरतो. नुसता गोलकीपरच्या अंगावर धावून जात नाही, आधी मिडफिल्डकडे जाणारा पास आपल्या अंगाने झाकतो आणि मग पुढे सरकतो. त्यामुळे त्यांच्या सेंटर बॅकला लांब मारण्यावाचून गत्यंतर राहत नाही. टीव्हीवर हे नीट दिसत नाही, मैदानात बसून बघणाऱ्यांना लगेच जाणवतं.

कच्चं काय, तर गोलकडे पाठ करून खेळणं. मला खरी काळजी याचीच आहे, फिनिशिंगची नाही. सेंटर बॅक पाठीला चिकटला की हा पोरगा चेंडू पायाखाली घ्यायला बघतो. मग मागचा माणूस पाय घालून चेंडू काढून घेतो. दूरच्या पायावर चेंडू घ्यायचा, हात मागे ठेवून डिफेंडर कुठे आहे याचा अंदाज घ्यायचा, चेंडू येण्याआधीच अंग थोडं आडवं करून जागा करायची, हे त्याला अजून येत नाही. युवा संघात तो ताकदीने आणि वेगाने निभावून नेत होता, तिथे हे शिकायची गरजच पडली नाही. अकॅडमीतल्या गोलांच्या राशीवर मी फार विसंबत नाही ते यामुळेच. वयोगटाच्या फुटबॉलमध्ये लवकर वाढ झालेली पोरं आणि वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेली पोरं पुढे दिसतात, हे अनेक देशांत अनेकदा दिसून आलेलं आहे. सीनियर संघात आल्यावर सगळेच वाढलेले असतात आणि तो फायदा संपतो.

सगळा भार टाकू नका म्हणतो त्याचं कारण लिव्हरपूलचा मायकल ओवेन. १९९७-९८ च्या हंगामात, अठराव्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये १८ गोल आणि सर्वाधिक गोलांसाठीच्या गोल्डन बूटमध्ये वाटा. उन्हाळ्यात वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिनाविरुद्धचा तो गोल. लगेच पुढचा हंगाम. आणि एप्रिल १९९९मध्ये लीड्सविरुद्ध धावताना हॅमस्ट्रिंग फाटली. त्यानंतरही २००१चा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, त्याने जिंकला, म्हणजे गुणवत्ता किती होती बघा. पण अंगातला तो वेग पूर्वीसारखा राहिला नाही हे त्याने स्वतःच पुढे सांगितलंय. आपल्या पोराचा खेळही मागच्या मोकळ्या जागेत पळण्यावर उभा आहे. अशा पोराला अजून अंग भरलेलं नसताना आठवड्यात तीन सामने पूर्ण खेळवणं म्हणजे त्याचं भांडवलच जाळणं. क्लब त्याला पहिल्या मिनिटाऐवजी पासष्टाव्या मिनिटाला उतरवतो तेव्हा दर वेळी अविश्वास असतो असं नाही.

लोनबद्दल, म्हणजे काही काळासाठी दुसऱ्या क्लबकडे खेळायला पाठवण्याबद्दल, तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण माझ्या मते खरा पर्याय तोच आहे. हॅरी केनला टॉटनमने लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच, लेस्टर असं चार ठिकाणी पाठवलं. मिलवॉलमध्ये तो खुलला, नॉर्विचमध्ये दुखापतीत वेळ गेला. मे २०१३मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, वॉटफर्डविरुद्धच्या, वरच्या श्रेणीत जाण्यासाठीच्या प्लेऑफ सेमीफायनलच्या परतीच्या सामन्यात तो लेस्टरच्या पहिल्या अकरातही नव्हता. बेंचवर त्याच्यासोबत जेमी वार्डी होता. त्या दिवशी कोणी या दोघांवर निकाल दिला असता तर काय दिला असता? तीन वर्षांनी, २०१५-१६ च्या प्रीमियर लीगमध्ये केनचे २५ गोल होते, वार्डीचे २४, आणि लेस्टर विजेता.

पण 'लोनवर पाठवा' एवढं म्हणून भागत नाही. कुठे पाठवताय हे महत्त्वाचं. आपल्या पोराला अशा संघात जायला हवं जिथे त्याला एकट्याने पुढे उभं राहून लांबचे चेंडू छातीवर घ्यावे लागतील, म्हणजे त्याचं जे कच्चं आहे तेच दर आठवड्याला घासून निघेल. आणि पहिल्या अकरात जागा मिळेल याची खात्री हवी. वरच्या श्रेणीतल्या बड्या क्लबच्या बेंचवर बसण्यापेक्षा एक पायरी खाली जाऊन दर आठवड्याला नव्वद मिनिटं खेळणं या वयात केव्हाही चांगलं. लोनच्या करारात मधेच परत बोलावण्याची सोय ठेवावी, कारण सहा महिन्यांत तिथला प्रशिक्षक बदलला की नव्याच्या योजनेत लोनवरचा पोरगा सगळ्यात आधी मागे पडतो.

विकायचा आग्रह धरणाऱ्यांचा एक मुद्दा मला पटतो. वय वाढेल तशी 'संभाव्यते'ची किंमत उतरते, आणि सगळ्यांनाच थांबून बघत बसणं क्लबला परवडत नाही. तरी विकायचंच ठरलं, तर पुढच्या विक्रीतला वाटा आणि परत विकत घेण्याचा हक्क, या दोन अटी लिहून घेतल्याशिवाय सही करू नये. आज जी रक्कम मिळतेय म्हणतात ती दुसरा नऊ नंबर आणायलाही पुरणार नाही, मग गडबड कशाला?

माझं मत कशाने बदलेल तेही सांगतो. पुढच्या हंगामात, इथे असो वा लोनवर, त्याला सलग पहिल्या अकरात खेळायला मिळालं आणि तरीही सहा यार्डांच्या पट्ट्यात त्याचे शॉट आजच्यापेक्षा वाढले नाहीत, तर मी म्हणेन की सीनियर डिफेंडरांनी त्याची चाल ओळखली आणि त्याच्याकडे दुसरी चाल नाही. पाठीवर माणूस असताना चेंडू टिकवणं जराही सुधारलं नाही, तर तो बदली स्ट्रायकर म्हणूनच राहील, आणि तीही क्लबला उपयोगाचीच जागा आहे. मात्र शॉट वाढले, जागा चांगल्या मिळाल्या आणि गोल तरीही सात-आठच झाले, तर मी आजच्यापेक्षा जास्त ठामपणे सांगेन की त्याला धरून ठेवा.

पुढचा सामना बघाल तेव्हा चेंडू आपल्या विंगरकडे गेला की विंगरकडे बघू नका. नजर या पोरावर ठेवा, तो खांद्यावरून मागे बघतो का आणि पहिली दोन पावलं कुठे टाकतो ते बघा. मला तिथे काय दिसतं ते मी सांगितलं, तुम्हाला वेगळं काही दिसलं तर जरूर लिहा.