पहिल्यांदा विमानानं जातोयस? बॅग भरायच्या आधी एवढं बघ

अरे भिया, आधी अभिनंदन! घाबरू नकोस, इंदूरची सेव हवी तेवढी ने, तिला कोणी काही म्हणत नाही, लफडं होतं ते पेटणाऱ्या वस्तूंचं.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत, म्हणजे काउंटरवर जमा करतो त्या बॅगेत टाकणं. मी पण केलीय, ऐन बोर्डिंगच्या वेळी नाव पुकारलं आणि बॅग उघडून दाखवायला पळत जावं लागलं, सगळे बघतायत, काय ती फजिती. लिथियमची बॅटरी केबिनमध्ये पेटली तर लगेच दिसते, विझवता येते, खाली सामानात कोण बघणार? म्हणून पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच. १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) चालतं, २०,००० एमएएचवाली पॉवर बँक साधारण ७४ वॉट-अवर भरते, म्हणजे आरामात.

बाकी:
- माचिस, लायटर घरीच.
- आईनं पूजेच्या डबीत कापूर टाकलाय का बघ, आमच्याकडे हमखास निघतो.
- सुकं खोबरं चेक-इनमध्ये नको, तेलामुळे आपोआप तापून पेटू शकतं म्हणे, मलाही आधी हसूच आलं होतं.

ड्रोनच्या मोठ्या बॅटऱ्या वगैरे नंतर सांगतो, आत्ता त्यात डोकं घालू नकोस.