मी जत तालुक्यात नवीन मुख्याध्यापक झालोय, प्रत्येक शिक्षकाचा वेगळा व्यावसायिक विकास आराखडा कसा बनवू?

सर, एकच फॉरमॅट झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटू नका, तिथंच सगळं फसतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण म्हटलंय, शिक्षकांसाठीच्या सरकारी दीक्षा ॲपवर कोर्स करून तास भरतीलही पण वर्गात काय बदललं ते कोण बघणार?

आधी पोरांच्या वह्या बघा. समजा तिसरीतली पोरं ५२ वजा १७ चं उत्तर ४५ लिहितायत, म्हणजे दोनातून सात जात नाहीत म्हणून सरळ सातातून दोन काढलेत, तर त्या बाईंचं उद्दिष्ट 'गणित सुधारणे' असं मोघम नको, काड्यांचा गठ्ठा सोडून दशक सुटा करायला शिकवणं एवढंच लिहा. आपल्या जतकडं घरी कन्नड बोलणारी पोरं बरीच, पहिलीच्या गुरुजींची गरज वेगळीच असणार.

वर्षाला दोनच उद्दिष्टं बास, आणि ती शिक्षकांनी स्वतः लिहायची. एकमेकांचा तास बघायला वेळापत्रकातच जागा काढा, माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं. दिवाळीनंतर परत वह्या तपासा.

आणि हा आराखड्याचा कागद गोपनीय अहवालाला, म्हणजे शिक्षकाच्या वार्षिक कामाच्या मूल्यमापनाला, अजिबात जोडू नका, नाहीतर खरी अडचण कुणी लिहिणारच नाही.