होंडा सिटी: २०२० ची सेकंडहँड घेऊ की २०२३ ची फेसलिफ्ट? वापर गोव्यातच, म्हापसा-पणजी रोज

पेट्रोलच बघत असाल तर गाडी आतून तीच आहे हो, तेच १.५ लिटरचं १२१ पीएसचं इंजिन, तीच ५०६ लिटरची डिकी. मार्च २०२३ मध्ये बंपर-ग्रिल थोडं बदललं, वायरलेस अँड्रॉइड ऑटो आलं, आणि मुख्य म्हणजे पेट्रोलला एडास (चालवताना मदत करणारी, गरज पडली तर स्वतः ब्रेक लावणारी सिस्टीम) मिळालं, मॅन्युअललासुद्धा, पण ते व्ही व्हेरियंटपासून वर, सगळ्यात खालच्या एसव्हीत नाही, हे बघूनच घ्या. आता गोव्यात त्याचा उपयोग किती? हायवेवर पुढच्या गाडीशी अंतर ठेवून चालणारं क्रूझ मस्त, पण गावातल्या रस्त्यावर पट्टेच नसतात तिथे लेन असिस्ट काय करणार, आणि पावसात रस्त्यात बसलेल्या गुरांसाठी ब्रेक आपणच मारायचा, ती सिस्टीम गाड्या न् माणसं ओळखायला बनवलीय. फेरीबोटीच्या रॅम्पवर दोन्ही सारख्याच जपून चढवाव्या लागतात.

डिझेल हवं असेल तर प्रश्नच मिटला, फेसलिफ्टमध्ये ते बंद केलं, जुनीच शोधा. नाहीतर मी जुनी झेडएक्स (सगळ्यात वरचं व्हेरियंट) घेईन, फक्त खालून गंज बघा, किनाऱ्यालगत वापरलेली असेल तर जास्तच. चोर्ला घाटातून बेळगावला असं लांब सारखं जाणं असेल, त्या क्रूझचा उपयोग होणार असेल, तरच फेसलिफ्टचा विचार करा.