आजींना गड्ड्याला नेताना

आजींना चाकाच्या खुर्चीवरून गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेला न्यायचंय ना, मग साधारण १३ ते १५ जानेवारीचे मुख्य दिवस सोडा. अक्षता, होम, शोभेचं दारूकाम हे मोठे सोहळे तेव्हाच असतात; त्या गर्दीत चालता माणूस अडकतो, खुर्चीचं काय! नंतर एखाद्या आडवारी, चारच्या सुमाराला होम मैदानावर जा.

खरी अडचण मातीची. पुढची छोटी चाकं भुसभुशीत जागी रुततात. ढकलत बसू नका, खुर्ची फिरवा आणि मागच्या मोठ्या चाकांवर उलटी ओढा. आमच्या आईला हे उलटं जाणं पाळण्यापेक्षा जास्त आवडलं! थांबलात की दोन्ही ब्रेक लावा. धुळीसाठी ओला रुमाल, परतताना थंडी वाजते म्हणून शाल. आणि स्वच्छतागृह कुठे आहे, तिथे खुर्ची जाते का, हे आधी एकट्यानं जाऊन बघून या.