साडेचार महिन्यांचे बाळ बाटलीला तोंड लावत नाही आणि महिन्याभराने कामावर रुजू व्हायचे आहे, काय करावे?

तुमचे बाळ आजवर केवळ अंगावर प्यायले आहे, बाटली जवळ नेली की मान फिरवून रडते आणि तुम्ही कामावर गेल्यावर त्याला सासूबाई सांभाळणार आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. मी बालरोग विभागात परिचारिका होते आणि निवृत्तीनंतर, सून बँकेत जाऊ लागल्यावर, माझी नात दिवसभर माझ्याकडेच असे. त्यामुळे हे उत्तर पाजणाऱ्या व्यक्तीच्या बाजूने लिहिते आहे; ते सासूबाईंनाही अवश्य वाचायला द्यावे.

पहिल्या काही आठवड्यांत तोंडात काही आले की बाळ आपोआप चोखू लागते, परंतु साधारण तिसऱ्या महिन्यापासून चोखणे त्याच्या इच्छेवर अवलंबून राहू लागते. शिवाय अंगावर पिताना पान्हा फुटेपर्यंत त्याला थोडे थांबावे लागते आणि दुधाचा वेग ते स्वतःच्या चोखण्याने कमीजास्त करते, तर बाटलीतून पहिल्याच घोटाला धार लागते आणि ठसका बसतो. म्हणून सर्वांत कमी प्रवाहाचे, नवजात बाळासाठीचे निपल आणावे. वय साडेचार महिने आहे म्हणून मोठ्या छिद्राचे आणू नये.

सुरुवातीला बाटली तुम्ही स्वतः देऊ नका. आईचा वास येत असताना बाळ बाटली का घेईल? त्या वेळी तुम्ही घराबाहेर असणे उत्तम. सासूबाईंनी बाळ भुकेने कळवळण्याआधी, ते शांत किंवा किंचित पेंगुळलेले असताना, त्याला मांडीवर जवळजवळ बसते धरावे, निपल कोमट पाण्यात बुडवून वरच्या ओठाला हलकेच लावावे आणि बाळाने स्वतः तोंड उघडेपर्यंत थांबावे. बाटली आडवी धरावी, म्हणजे दूध वेगाने ओतले जात नाही, आणि काही घोटांनंतर ती खाली झुकवून बाळाला श्वास घेऊ द्यावा. बाळ रडू लागले की तेथेच थांबावे; बळजबरीने तोंडात कोंबलेली बाटली पुढच्या वेळी दुरून दिसली तरी बाळ रडते. रोज एकदा, दहा मिनिटांपेक्षा कमी वेळ, एवढा सराव पुरतो. सरावापुरते १५–२० मिली दूधच काढावे, म्हणजे सांडले तरी जीव हळहळत नाही.

काढून ठेवलेल्या दुधाची चवही पाहावी. काही मातांच्या दुधातील लायपेज या विकरामुळे फ्रिजमध्ये ठेवलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो. ते दूध खराब नसते, पण बाळ ते नाकारू शकते. ताजे दूध घेत असेल आणि साठवलेले नाकारत असेल, तर दूध काढल्याबरोबर कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवून, लगेच गार करून ठेवावे. एरवी खोलीत ठेवलेले दूध चार तासांत वापरावे, उन्हाळ्यात त्याहून लवकर. फ्रिजमध्ये २४ तासांचा हिशेब धरावा. पाजताना भांडे कोमट पाण्यात ठेवावे, मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही.

एवढे करूनही बाळाने बाटली घेतलीच नाही, तर मला त्यात काहीच अडचण दिसत नाही. आमच्या विभागात अपुऱ्या दिवसांच्या, अगदी लहानग्या बाळांनाही आम्ही वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने आईचे दूध पाजत असू. वाटी-चमचा घासून उकळणे सोपे असते. बाटलीच्या आणि निपलच्या खाचांत दुधाचा अंश राहतो आणि त्यातून जुलाब होतात. बाटल्यांच्या जाहिरातींवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती विनाकारण नाही. माझी नात तर बाटलीकडे कधी वळलीच नाही. वाटी-चमच्यानेच दिवस काढला आणि सहा महिन्यांनंतर छोट्या पेल्याने पिऊ लागली. तुमचे बाळही लवकरच त्या वयाचे होईल आणि मग भाताची पेज, वरणभात सुरू झाला की दुधावरचा भार थोडा हलका होईल. तोपर्यंत मात्र पाणी, मध किंवा पाणी घातलेले गाईचे दूध देण्याचा सल्ला कोणीही दिला तरी तो ऐकू नये.

दूध किती ठेवावे, याचा अंदाज ताशी सुमारे ३० ते ४५ मिली असा धरावा. म्हणजे दहा तासांसाठी ३०० ते ४५० मिली. पहिल्या दिवसांत बाळ याहून बरेच कमी घेईल आणि संध्याकाळी व रात्री तुमच्याकडून भरून काढील. तुमची झोप मोडेल, पण बाळ उपाशी राहत नाही. मात्र दिवसभरात सहापेक्षा कमी लंगोट ओले होणे, टाळू खोल जाणे किंवा बाळ मलूल दिसणे, यांपैकी काही आढळले तर सरावाचा विचार सोडून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

कायद्यानुसार, बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत नेहमीच्या सुट्टीखेरीज दोन विश्रांतिकाळ मिळतात. दूध काढण्यासाठी ते वापरता येतील का, हे आताच लेखी विचारून ठेवा. आणि रुजू होण्याचा दिवस निवडणे तुमच्या हाती असेल, तर सोमवारऐवजी गुरुवार घ्या. दोन दिवसांनंतर सुट्टी आली की बाळाला, सासूबाईंना आणि तुम्हालाही सावरायला वेळ मिळतो.