वाचकांचे प्रश्न : खर्ज हरवतो कुठे?

(फ्लोअरस्टँडिंग, म्हणजे थेट जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर घरी वापरणाऱ्यांनी आपला अनुभव आणि अडचणी कळवाव्यात, असं मागच्या अंकात मी म्हटलं होतं. आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत.)

प्रश्न : ताई, सहा महिन्यांपूर्वी मोठ्या हौसेने फ्लोअरस्टँडिंग स्पीकर घेतले. प्रत्येकात साडेसहा इंची दोन वूफर (खालचे सूर काढणारे मोठे ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे गोल भाग) आहेत. आमचा हॉल १६ बाय ११ फूट. लांबीच्या एका टोकाला, भिंतीपासून दोन फूट पुढे स्पीकर आहेत आणि त्याच भिंतीपासून बारा फुटांवर सोफा. मी बहुतेक पुरुष गायकांचा ख्याल ऐकतो, काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराच्या) आसपासचा. गळा सुंदर येतो, पण तानपुरा पोकळ वाटतो आणि डग्ग्यात जीव नाही. उलट सोफ्याच्या मागे, पलीकडच्या भिंतीतल्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बायको म्हणते, "किती घुमतंय हे!" दुकानदार ॲम्प्लिफायर बदलायला सांगतोय, ८५ हजारांचा. बदलू का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : नका बदलू. आधी सोफा हलवा.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुमच्या पत्नीचं आहे. त्या म्हणतात घुमतंय, तुम्ही म्हणता पोकळ आहे, आणि दोघांचंही बरोबर आहे. स्पीकर तेच, गाणं तेच. फरक आहे तो कान कुठे आहे याचा.

काळी एकचा मध्य सा साधारण १३९ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १३९ कंपनांचा. तानपुऱ्याची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झवर लागते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. भागाकार केलात तर खर्जाची एक अख्खी लाट पाच मीटरची निघते, म्हणजे सव्वासोळा फूट. तुमचा हॉल सोळा फूट. ती लाट तुमच्या खोलीत मापाने शिवल्यासारखी बसते. अशी बसली, की दोन्ही भिंतींपाशी आणि खोलीच्या मधोमध ती जोरात असते, आणि चौथ्या व बाराव्या फुटावर जवळजवळ गप्प होते. सोफा बाराव्या फुटावर आहे, दार शेवटच्या भिंतीत. यात ॲम्प्लिफायर काय करणार? तीन डेसिबल वाढवायला वॅट दुप्पट लागतात, तेवढे दिलेत तरी समोरून येणारी लाट आणि भिंतीवरून परतणारी लाट दोन्ही सारख्याच वाढतील आणि त्या जागी एकमेकींना तशाच पुसून टाकतील.

हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाही. २०१२ मध्ये व्हार्फडेल कंपनीचे माझे उंच स्पीकर घरी आले, तेव्हा पहिले तीन महिने मीही अशीच हळहळत होते. मी गाणं शिकवते, आमचं घर सांगलीत. बाबांचा मिरजेचा जुना मर्दानी तानपुरा माझ्याकडे आहे. एका रविवारी तो काळी एकला लावला, शिष्येला तो घेऊन बरोबर डाव्या स्पीकरच्या जागी बसवलं आणि फरशीवर खडूने एकेक फुटावर रेघा मारत मी स्टूल मागे सरकवत नेलं. एका रेघेवर तानपुऱ्यातला भार गेला. म्हणजे सूर होता, जवारी, म्हणजे तारेची झणझण, तर लखलखीत होती, पण खर्जाची तार छेडल्यावर पोटाशी जे जाणवतं, ते नाहीसं झालं. दोन रेघा पुढे सरकले आणि ते परत आलं. समोर स्पीकर नव्हता, खराखुरा तानपुरा होता, आणि खोलीने त्यालाही सोडलं नव्हतं. त्या दिवसापासून मी स्पीकरला दोष द्यायचं थांबवलं.

खऱ्या वाद्याशी अशी तुलना करण्याची कल्पना व्हार्फडेल सुरू करणाऱ्या गिल्बर्ट ब्रिग्ज यांच्याबद्दल वाचून सुचली. हा मूळचा कापडाच्या धंद्यातला माणूस, पियानोवर प्रेम करणारा. १९३२ मध्ये यॉर्कशरमधल्या इल्कली गावी घराच्या तळघरात त्यांनी पहिला स्पीकर केला. पुढे १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांनी वादकांना व्यासपीठावर बसवलं आणि त्यांचं वादन व रेकॉर्डिंग लोकांना आळीपाळीने ऐकवलं. आपल्याकडे तर घरोघरी तानपुरे, पेट्या, तबले आहेत. त्यांच्याहून चांगला मापदंड कुठे मिळणार?

एक बारकावा सांगते, नाहीतर तुमची फसगत होईल. खर्जाच्या तारेचा मूळ स्वर जवारीमुळे उठणाऱ्या वरच्या स्वरांच्या मानाने दुबळाच असतो. तो खोलीत गायब झाला तरी वरच्या स्वरांवरून आपला कान तो भरून काढतो. म्हणून "खर्ज ऐकू येत नाही" असं होत नाही. तुम्ही लिहिलंत तसा तानपुरा 'पोकळ' होतो. तुमचा शब्द अगदी नेमका आहे. डग्ग्याचा घुमारा साधारण याच पट्ट्यात असतो, आणि त्याला जवारीचा आधार नसल्यामुळे तो जास्त मार खातो.

आता करायचं काय? फोनवर टोन जनरेटरचं एखादं फुकट ॲप घ्या, ७० हर्ट्झचा स्वर स्पीकरवर हलक्या आवाजात लावा आणि बसण्याच्या उंचीवर कान ठेवून सोफ्यापासून स्पीकरच्या दिशेने चला. दहाव्या फुटाच्या आसपास स्वर भरून येईल. कान तिथे येईल असा सोफा ओढा. तुमच्या खोलीत दार आहे, पडदे आहेत, कोपऱ्यात कपाटही असेल. त्यामुळे अर्धा फूट इकडेतिकडे होईल. सोफा मागच्या भिंतीला मात्र टेकवू नका, तिथे पत्नी म्हणतात तसं घुमतं. आणि स्पीकर ओढत ओढत चार फुटांवर आणू नका. त्या जागेवरून ते खर्ज खोलीत नीट भरूच शकणार नाहीत. आत्ताचे दोन फूट ठीक आहेत.

८५ हजार राहू द्या. सोफा हलवून काय झालं ते मला जरूर लिहा, मी वाट बघते.

प्रश्न : १० बाय १० ची बेडरूम. फ्लोअरस्टँडिंग घ्यावेत, की लहान स्पीकर स्टँडवर ठेवावेत?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : लहान, स्टँडवर. जागा वाचते म्हणून नव्हे. स्टँड आणि उंच स्पीकर जमिनीवर सारखीच जागा अडवतात. कारणं दुसरीच आहेत. तुमची खोली चौरस आहे, त्यामुळे ५६-५७ हर्ट्झचा स्वर लांबीतही घुमणार आणि रुंदीतही. त्यात उंच स्पीकरने खालचा पट्टा आणखी ओतायचा कशाला? शिवाय उंच पेटीतल्या तीन-चार ड्रायव्हरचे आवाज एकमेकांत मिसळायला सात-आठ फुटांचं अंतर लागतं. पलंगावर बसून तुम्हाला मिळणार पाच. केईएफ या स्पीकर कंपनीने १९८८ मध्ये ट्विटर (वरचे सूर काढणारा छोटा ड्रायव्हर) वूफरच्या मधोमध बसवण्याची युनी-क्यू रचना आणली, ती इतक्या जवळून ऐकायला बरी पडते. तसे स्पीकर लहान आकारातही मिळतात, ते आवर्जून ऐकून बघा.

प्रश्न : स्पीकरला महाग केबल लावावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अडीच स्क्वेअर एमएमची चांगली तांब्याची वायर घ्या. पाच मीटर लांब, जाऊन-येऊन दहा मीटर; तिचा विरोध ०.०७ ओहम भरतो. समोर स्पीकर आठ ओहमचा, म्हणजे वायरचा विरोध नगण्यच. उरलेल्या पैशांत मैफलींची तिकिटं काढा.

प्रश्न : वडिलांनी १९९०च्या सुमारास घेतलेले उंच स्पीकर माळ्यावर होते. ते लावले तर खालच्या आवाजात फरफर येते. जाळी काढल्यावर दिसलं, की वूफरभोवतीची फोमची कड बोट लावताच चुरा होऊन पडते. भंगारात द्यावेत का? मन होत नाही.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मन होत नाही तेच बरं. मुळीच देऊ नका.

फोमची कड आपल्या हवेत दहा-पंधरा वर्षांत अशी विरून जाते, वापरा किंवा ठेवून द्या. वूफरचा बाकी जीव, म्हणजे लोहचुंबक, कॉइल आणि कागदी कोन, बहुधा शाबूत असतो. नुसत्या कडा बदलून मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी करा. कोल्हापुरातही जुने रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे कुणाला तरी ओळखत असतील.

नेण्याआधी एक करा. वूफर आडवा ठेवा, दोन्ही हातांची बोटं कोनावर चारी बाजूंनी सारखी टेकवा आणि अलगद खाली दाबा. गुळगुळीत खाली-वर झाला तर कॉइल चांगली आहे. आत काही घासल्यासारखं लागलं तर खर्च वाढेल. मूळ कड फोमची होती तर नवीही फोमचीच बसवा. रबराची टिकते जास्त, पण तिचं वजन आणि ताठरपणा वेगळा. ज्या हिशोबाने ती पेटी आखली तो हिशोब मोडतो.

मी एकदा घाई केली होती. ओळखीतून एका कारागिराकडे माझ्या जुन्या जोडीतला एक वूफर दिला. त्याने कड सुबक चिकटवली, पण कोन केसभर एका बाजूला सरकला. घरी आणून लावला तर गाणं छान, आणि डग्ग्यावर घिस्सा आला की 'खर्र'. दुसरीकडे नेऊन ती कड सोलून पुन्हा करावी लागली. तुम्ही वूफर ताब्यात घेताना तिथेच लावून बघा, तेही डग्ग्याचं काहीतरी लावून. आवाज हळू ठेवून, कान जवळ नेऊन.

वडिलांनी या स्पीकरवर काय ऐकलं होतं, तेच पहिलं लावाल ना?

प्रश्न : २०२१ च्या जुलैत आमच्या घरात पाणी शिरलं होतं. आता पुन्हा घर सावरलंय आणि फ्लोअरस्टँडिंग घ्यायची इच्छा आहे. जमिनीवर उभं राहणारी महाग वस्तू घेण्याचा धीर होत नाही. शिवाय कोकणातली दमट हवा. तुमचा काय अनुभव?
– एक वाचिका, चिपळूण

उत्तर : तुमचं पत्र वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्याही घरात आलं होतं.

निघायला फार वेळ नव्हता. तानपुरा, ॲम्प्लिफायर आणि रेकॉर्ड्‌स माळ्यावर गेल्या. एक स्पीकर दोघांनी उचलून जेवणाच्या टेबलावर आडवा ठेवला. दुसऱ्यासाठी ना जागा उरली, ना हातांत बळ. तो जागेवरच राहिला. परत आलो तेव्हा त्याच्या अंगावर तळापासून चौदा इंचांवर गाळाची सरळ रेघ होती. रेघेच्या खाली पेटीचा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) भिजलेल्या बिस्किटासारखा फुगला होता, वरचा पापुद्रा सुटून लोंबत होता. मी त्याच्याशेजारी चिखलातच बसले. बाबा गेल्यानंतर त्यांच्या तानपुऱ्याबरोबर मी ज्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ काढला, ती वस्तू होती ती.

पण सगळं गेलं नव्हतं. ड्रायव्हर रेघेच्या वर होते, वाचले. मागच्या टर्मिनलच्या आत क्रॉसओव्हरची (खालचे-वरचे सूर वेगवेगळ्या ड्रायव्हरकडे वाटणारी) पट्टी होती, तिच्यात गाळ गेला होता. ती धुऊन, वाळवून, तिच्यावरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले. पेटी मात्र नवी करावी लागली. आमच्या सुताराने १८ एमएम प्लायची केली. त्याने आधी बाहेरून मापं घेतली होती. मी हट्टाने आतून घ्यायला लावली, कारण वूफरला लागते ती आतली हवा. पोर्टची, म्हणजे पेटीतल्या हवेला बाहेर वाट देणारी नळीही तेवढ्याच लांबीची. जोडून लावला तेव्हा वाजला, छानच वाजला, पण शेजारच्यासारखा नाही. गळा जरा उजवीकडे ओढल्यासारखा. महिनाभर मी स्वतःची समजूत घातली आणि मग दुसऱ्याचीही पेटी प्लायची करून घेतली. आता जोडी जुळली आहे. गळ्याला पूर्वीपेक्षा थोडी जास्त ऊब आहे, ती मला आवडते.

तेव्हा घ्या, पण काही गोष्टी आधी ठरवून. शक्य झालं तर वरच्या मजल्यावरच ठेवा. खालीच ठेवायचे असतील तर दोन माणसांना उचलता येतील एवढ्याच वजनाचे घ्या. माझा एकेक २७ किलोचा आहे, त्याहून जड नकोच. ते कुठे चढवायचे ती जागा जूनमध्येच रिकामी करून ठेवा. एमडीएफच्या पेटीचा तळ आणि खालच्या कडा आतून-बाहेरून पॉलिशने बंद करून घ्या. कारखान्यात तळाकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. पावसाळी फरशीला पाझर फुटतो, म्हणून खाली इंच-दीड इंचाची ग्रॅनाइटची लादी ठेवा. वूफरची कड फोमची नाही, रबराची आहे ना, ते दुकानात बोट लावून बघा. टर्मिनलवरची वायर दसऱ्याच्या सुमारास सोडवून, तांब्यावर हिरवं चढलं असेल तर तेवढा तुकडा कापून पुन्हा लावा. आणि पावसाळ्यात रोज तासभर तरी वाजवत जा. बंद खोलीत झाकून ठेवले की जाळीवर बुरशी येते.

माझ्या जुन्या पेटीची रेघ असलेली फळी मी टाकली नाही. ती शिकवण्याच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली आहे. चौदा इंच म्हणजे किती, ते मुलींना तिच्यावरून दाखवते. तुमच्या घरात पाणी किती आलं होतं ते मोजलेलं असेलच. स्पीकर चढवायची जागा त्या मापाने ठरवा.