पट्टीच्या पाकिटातली झेरॉक्स

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी तू बेदाण्याच्या पेढीवर आलास, विकलेल्या मालाच्या हिशोबाची पट्टी घेतलीस, चहा नको म्हणालास आणि तरी अर्धा तास बॉक्सांच्या थप्पीला टेकून उभा राहिलास. जाता जाता म्हणालास, "आबांना माझं कायच पटत नाही बघा काका." आणि त्याहून हळू, "गणित राहिलंय. घरात सांगितलं नाही अजून." तेवढ्यात दारात गाडी लागली, हमाल हाका मारायला लागले, मला काही बोलता आलं नाही. मोबाईलवर एवढं लिहायला माझी बोटं चालत नाहीत, म्हणून कागद घेतलाय. सांगलीच्या एसटीत बसून वाच.

तासगावात पेढीवर वह्या लिहायला लागून मला 26 वर्षं झाली. 15 किलोचा बॉक्स, किती बॉक्स, काय दर, तूट किती, हमाली किती, एवढंच माझं जग. पण सौद्याला आलेले बाप मी पोटभर ऐकलेत. सौदा निघायच्या आधी शेतकऱ्याला करायला काही नसतं. व्यापारी मुठी भरभरून बेदाणा उचलतात, डोळ्याजवळ नेतात, निम्मा खाली सांडतात, आणि वर्षाची मेहनत पायाखाली जाताना बघत हा माणूस भिंतीशी उभा. मग तो बोलायला लागतो. आधी पाऊस, मग औषधांचे दर, मग पोरगं. घरी पोराच्या तोंडावर जो शब्द वर्षात एकदा निघत नाही, तो तिथं ओळख ना पाळख अशा माणसापुढं सहज निघतो. असं का, ते मला अजून नीट कळलेलं नाही. कौतुक केलं की पोर चढतं, ही एक भीती. दृष्ट लागेल, ही दुसरी. आणि त्यांच्या बापानं त्यांना कधी म्हटलं नव्हतं, म्हणून शब्दच ठाऊक नाहीत, हे तिसरं असावं.

आता तुझ्या आबांचं ऐक. गेल्या जूनमध्ये ते पैशांसाठी पेढीवर आले होते. खातं नंबर बघायला त्यांनी ते प्लॅस्टिकचं पाकीट उघडलं, ज्यात पट्ट्या, पासबुक आणि सोसायटीच्या पावत्या कोंबलेल्या असतात. पासबुकाबरोबर एक घडी घातलेला कागद बाहेर पडला. तुझ्या दहावीच्या मार्कलिस्टची झेरॉक्स. घडीवर फाटायला आली होती, मागून सेलोटेप लावलेला. मी काही विचारलं नव्हतं. तेच म्हणाले, "कुठं लागली तर असावी म्हणून ठेवलीय." द्राक्षबागायतदाराला बेदाण्याच्या पेढीवर पोराची दहावीची मार्कलिस्ट कशाला लागते, सांग बरं. मग शेजारच्या सावळजच्या माणसाकडं वळून म्हणाले, "71 टक्के. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री शेडवर होतं पोरगं."

ती रात्र तुला आठवते, पण तुझ्या बाजूनं. शुक्रवारी तू मला तीच गोष्ट तक्रार म्हणून सांगितलीस. मार्चचा महिना, दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर, रात्री साडेअकराला वळीव आला. शेडच्या रॅकवर द्राक्षं वाळत टाकून दहा दिवस झालेले. तू पुस्तक टाकून पळालास, एका बाजूचे प्लॅस्टिकचे कागद सोडलेस, दोऱ्या बांधल्यास, गुडघ्यापर्यंत चिखल. दुसरी बाजू आबांनी धरलेली. आणि सगळं झाल्यावर ते तुझ्यावर ओरडले, "तुला कुणी बोलवलं होतं इथं? अभ्यास कोण तुझा बा करणार?" (बाच बोलत होता, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.)

त्याच रात्रीची त्यांची बाजू मी जूनमध्ये ऐकली. दीड एकराचा माल रॅकवर. चार किलो द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा होतो, म्हणजे तिथं किती ओझं होतं ते तूच गणित कर. तो भिजला की काळा पडतो, आणि काळ्याला कोण दर देतंय? आबा सांगत होते, "मी एकटा असतो तर एक बाजू गेलीच होती. वळून बघतोय तर हे बारकं दोरीला लोंबकळतंय. मी काय बोलावलं नव्हतं. आपलं आपण आलं." मग जरा थांबून, "हाताशी आलं पोरगं." हे म्हणताना ते माझ्याकडं बघत नव्हते. खाली सांडलेला बेदाणा एकेक उचलून बॉक्समध्ये टाकत होते.

मुलगा सोळा वर्षांचा झाला की त्याला मित्रासारखं वागवावं, असं संस्कृतात कुणीतरी सांगून ठेवलंय. सांगणाऱ्याच्या बागेवर ऐन फुलोऱ्यात डाऊनीचा रोग आलेला नसणार. आपल्याकडं सोळाव्या वर्षी पोराच्या हातात फवारणीचा ब्लोअर देतात, आणि तेच मित्रत्व समजायचं असतं.

सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे तुला माहीत असतील. सोनाका आणि शरद सीडलेस या द्राक्षाच्या जाती त्यांनी निवडून काढल्या. त्यांचे चिरंजीव दत्तात्रय यांनी पुढं जी जात काढली तिला बापाचं नाव दिलं, नानासाहेब पर्पल. हे सगळ्या द्राक्षपट्ट्याला दिसतं. बापांची तऱ्हा वेगळी. तुमच्या ट्रॉलीच्या मागच्या फळ्यावर लाल रंगात नाव कुणाचं आहे? ट्रॅक्टरचे हप्ते फिटायच्या आधी ते रंगवून घेतलंय. तू रोज त्याच्यावर पाय देऊन चढतोस, म्हणून वाचलं नाहीस.

मी दुसऱ्याच्या बापाबद्दल शहाणपण सांगतोय, तर माझंही ऐकून ठेव. माझा मुलगा आयटीआयला ट्रेडमध्ये पहिला आला. मी दोन किलो पेढे घेतले, सगळ्या मार्केट यार्डात वाटले, हमालांच्या हातावर दोन दोन ठेवले. रात्री घरी गेलो, तो दारात बसला होता, माझी वाट बघत असणार. मी विचारलं, "पाण्याची मोटर बंद केलीस का?" आज तो चाकणला कंपनीत आहे. फोन करतो. मी म्हणतो, जेवलास का. तो म्हणतो, हो. मग मी म्हणतो, आईकडं देतो. आठ वर्षं आमचं एवढंच बोलणं आहे, आणि त्या पेढ्यांची गोष्ट त्याला मी नाही, एका हमालानं सांगितली.

तेव्हा आबा एक दिवस तुला जवळ घेऊन शाबास म्हणतील, याची वाट बघत बसू नकोस. तो शब्द त्यांच्याकडं पेढीपुरताच आहे. पण म्हणून तुझी जबाबदारी संपत नाही, आणि आता गणिताकडं येतो.

आबांनी सावळजपासून मणेराजुरीपर्यंत सांगून ठेवलंय की पोरगं इंजिनिअर होणार. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहेस हे त्यांना माहीत आहे, पण सांगताना मधली वर्षं गळतात. बापाच्या अभिमानाची ही खोड असते, तो पोराच्या चार पावलं पुढं चालतो. तुला ते ओझं वाटतंय, आणि वाटणारच. पण एटीकेटी, म्हणजे हा राहिलेला विषय, लपवलीस तर काय होईल ते मी वहीत रोज बघतो. मालाच्या वजनातली छोटी तूट त्याच दिवशी सांगितली तर शेतकरी दोन शिव्या देतो आणि सही करतो. तीच दोन महिन्यांनी निघाली की पुढचा माल दुसऱ्या पेढीवर जातो.

सांगायचं कसं, ते सांगतो. आईच्या आडून नको. ती रात्री हळूच सांगेल, आबांना रात्रभर झोप नाही, आणि सकाळी तुझ्याऐवजी तिच्यावर चिडतील. जेवणाच्या ताटावर नको. फोनवर तर नकोच. रविवारी माल रॅकवर टाकायचाय असं आबा म्हणत होते. डिपिंगला, म्हणजे वाळत टाकायच्या आधी द्राक्षं द्रावणात बुडवायला, दोघंच उभे राहा. 100 लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑईल, हे प्रमाण तू मोजून घाल, त्यांना मोजायला लावू नकोस. क्रेट बुडव, काढ, निथळू दे. हात कामात असले की आपल्याकडच्या माणसाला ऐकू येतं, आणि एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. चार-पाच क्रेट झाले की सांग. "आबा, गणित राहिलंय. उन्हाळी परीक्षेला परत देणार आहे." एवढंच. कारणं, सर कसे शिकवतात, पेपर अवघड होता, हे काही नको.

ते ओरडतील. ओरडू दे. तू क्रेट बुडवत राहा. तुझ्या कॉलेजच्या बसला ते फाट्यावर सोडायला येतात, तुला उतरवून मोटारसायकल वळवतात, आणि मग बस येईपर्यंत तंबाखू मळत आभाळाकडं बघत उभे राहतात. मी दोनदा बघितलंय. तो माणूस एका विषयानं तुला टाकून देणार नाही.

त्या झेरॉक्सचं मी तुला सांगितलं हे मात्र त्यांना कळू देऊ नकोस. नाहीतर पाकिटातून काढून ठेवतील.

फॉर्म भरायची शेवटची तारीख कॉलेजात विचारून ठेव आणि फीचे पैसे आबांकडूनच माग. पुढची पट्टी न्यायला तू येऊ नकोस, त्यांना पाठव.

तुझा,
दिवाणजी काका